एकेचाळिसाव्या पानावरची सही

माझ्या भागीदारानं मला फसवलं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं घोंगड्यांचं दुकान दोघांनी मिळून विकत घ्यायचं ठरलं होतं. ते त्यानं एकट्याच्या नावावर करून घेतलं आणि कोर्टात शपथेवर सांगितलं की असं काही ठरलंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्याच्याबद्दल चार बऱ्या गोष्टीही लिहिणार आहे. वाचणाऱ्याचा घोळ व्हायला नको.

मी जेऊरच्या बाजूचा. घरात मेंढरं, शाळा सातवीपर्यंत. ओठावर मिशी फुटायच्या आधीपासून मी बाजारात मेंढरं विकत होतो आणि मला वाटायचं, आपल्यासारखा सौदा कुणाला जमत नाही. तो समज बार्शीच्या बाजारात मोडला. एक म्हातारा पंचवीसेक मेंढरं घेऊन उभा होता. मी भाव केला. शेजारी माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठा एक गडी उभा होता, त्यानं वर भाव केला. मी चढवला, त्यानं आणखी चढवला. म्हातारा नुसता हसत उभा. माझं डोकं तापलं, मी त्या गड्याची गचांडी धरायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यानं खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझ्या बोटांत आपली बोटं गुंतवली.

टॉवेलाखालचा सौदा मला नवा नव्हता. आमच्या धंद्यात चारचौघांत भाव बोलायचा नसेल तर हातावर कापड टाकतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, शेवटी अंगठा दाबला की पक्कं. पण बोटांत बोटं? ही खूण मी कधी पाहिली नव्हती.

"म्हंजी काय?" मी विचारलं.

तो कानाशी लागला. "निम्मी तुजी, निम्मी माजी. येड्या, एकमेकांचा भाव चडवून ह्या म्हाताऱ्याचा बंगला बांधतुयास व्हय?"

मी अंगठा दाबला. दोघांनी मिळून मेंढरं घेतली, आणि त्या दिवशी आम्ही एका पानात शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. तो कायमचा अण्णा झाला, मी कायमचा गड्या.

पुढं वीस-बावीस वर्षं आम्ही जोडीनं बाजार केले, आधी मेंढरांचे, मग घोंगड्यांचे. ती वर्षं आठवली की अजून हाताला लोकरीचा वास येतो असं वाटतं. एसटीच्या टपावर घोंगड्यांचे गठ्ठे टाकायचे, खाली आम्ही दोघं एका सीटवर, मधे पितळी डबा. माझं काम भाव पाडायचं, त्याचं काम मला सांभाळायचं. मी रागानं सौदा सोडून चालायला लागलो की तो समोरच्याला म्हणायचा, "मालक, घाबरू नगा. ह्यो चिडला म्हंजी माल आवडलाय. ज्याला माल नको आसतो त्यो गोड बोलतो." आणि ते खरंच होतं. मी ज्याला नमस्कार घालून "बरं मालक, येतो मग" म्हणायचो, त्याचा माल मी कधीच घेतलेला नाही.

त्या बोटांत बोटं घालायच्या खुणेला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. ती दुसऱ्या कुणाला दाखवलीही नव्हती. नवा माल, नवी जागा, जे काही दोघांत निम्मं करायचं ते त्या खुणेनं. कागद केला नाही. कागद परक्यांशी करतात, असं आम्हाला वाटायचं.

त्याच वर्षांत मधे पेठेत दुकान भाड्यानं घेतलं. आत घोंगड्यांच्या थप्प्या, बाहेर चादरी आणि टॉवेल. बारा वर्षांनी घरमालकानं एका दुपारी येऊन सांगितलं, "मी जागा विकतोय. तुम्ही घेता का बाहेरच्याला देऊ?" तो समोर बसलेला. त्याच्या देखत आम्ही काय बोलणार? अण्णानं टॉवेल ओढला, खाली हात घातला आणि माझ्या बोटांत बोटं घातली. मी अंगठा दाबला. घरमालक हसून म्हणाला, "काय चाललंय रे तुमचं?" अण्णा म्हणाला, "घरचं बोलणं चाललंय."

मग माझी आई आजारी पडली आणि मी तीन महिने गावाकडं राहिलो. परत आलो तेव्हा खरेदीखत झालं होतं. एकच नाव.

"अण्णा, माजं नाव कुटाय?"

"आता पोरांचं बगायला पायजे गड्या. तू दुकानात बस की, तुला कोन उटीवतंय?"

त्या वाक्यावर मी दुकानाबाहेर पडलो तो आजतागायत आत गेलेलो नाही. सोलापूरच्या कोर्टात दावा लावला.

अण्णा पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "टॉवेलाखाली हात घातला हे खरं. पण मी फक्त घरमालकाला भाव किती सांगायचा ते विचारत होतो. निम्म्याची अशी काही खूण आमच्यात नव्हती. कधीच नव्हती." घरमालकानं साक्ष दिली की टॉवेल हलताना पाहिला. आत काय झालं ते कसं दिसणार? तेवढ्यासाठीच तर टॉवेल असतो.

मग माझी उलटतपासणी. अण्णाचा वकील म्हणाला, "ही तुमची खूण तुम्ही दाव्यासाठी बसवलेली आहे." माझं डोकं फिरलं. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, म्हणालो, "या साहेब, हात घाला, दाखवतो." त्या बिचाऱ्यानं घातला. मी बोटं अशी आवळली की तो ओरडला. कोर्टात हशा झाला. हसले नाहीत ते फक्त न्यायाधीश. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते निकालात दिसलं: साक्षीदार संतापी आहे, त्याचं वागणं विश्वास ठेवण्यासारखं वाटलं नाही. दावा फेटाळला.

मी वर अपील केलं. ते चालायला इतकी वर्षं गेली की तोवर आमच्या दोघांच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

अपील दोन न्यायमूर्तींपुढं होतं, एक बाई आणि एक पुरुष. मी स्वतः सुनावणीला जाऊन बसलो. बाईंनी माझ्या वकिलाला सोलून काढलं. टॉवेल म्हणजे काय, खूण म्हणजे काय, ती खूण आणखी कुणाला माहीत आहे, कागद का केला नाही? प्रश्नावर प्रश्न. साहेब मात्र गप्प. मधूनच मान हलवायचे, एकदा माझ्याकडं बघून हसलेसुद्धा. मी बाहेर येऊन वकिलाला म्हणालो, "बाई गेल्या आपल्या हातातून. पण साहेब आपले आहेत. गप्प बसलेत म्हणजे कबूल आहेत." बाजारात असंच असतं. टॉवेलाखालून हात काढून घेतला नाही म्हणजे माणूस सौद्यात आहे. वकील काही बोलला नाही. त्यानं बोलायला पाहिजे होतं.

निकालाची फाइल एका सकाळी फोनवर आली. वकिलाचा निरोप एवढाच: 'निकाल आला. कोर्टात आहे, नंतर फोन करतो.' मला नंतर कुठलं जमतंय! मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

"काका, एकसष्ट पानं हायत," दुकानदार म्हणाला.

"एवढी कशाला? सही कुठल्या पानावर हाय बघ."

"एकेचाळिसाव्या."

"मग तितवरच काड. सहीच्या फुडं कागदात काय नसतंय."

वीस पानं वाचवली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. सही किंवा अंगठा झाला की कागद संपला, हे मी जन्मभर पाळलेलं. सही बाईंची होती. सहीच्या वरचा परिच्छेद मी बोट ठेवून वाचला. इंग्रजी मला फार येत नाही, पण एवढी वर्षं कोर्टात घालवल्यावर 'अपील' आणि 'अलाऊड' हे दोन शब्द लांबूनही ओळखता येतात. दोन्ही होते. बाई म्हणत होत्या की अपील मंजूर व्हायला हवं.

मी पाच किलो पेढे घेतले. हलगीवाला बोलावला. पेठेत पेढे वाटत वाटत हलगीसकट दुकानासमोर गेलो. अण्णा गादीवर बसला होता. इतक्या वर्षांनी मी त्या पायरीशी उभा राहिलो आणि हात लांब करून पेढा पुढं धरला.

"घे अण्णा. तोंड गोड कर."

त्यानं पेढा घेतला, अख्खा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. मग हात पुसत म्हणाला, "पेडा झ्याक हाय गड्या. कुनाचा हाय ते दुपारपत्तूर कळंल की."

हलगी वाजत होती, पण मला ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. आणि तो ज्या गोडीनं बोलला ती गोडी मला ओळखीची होती.

शहराच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, माझ्या ओळखीचे एक निवृत्त लघुलेखक राहतात. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. जन्मभर वरच्या कोर्टात न्यायमूर्तींनी सांगायचं आणि यांनी टाइप करायचं. पेढ्यांचा पुडा आणि एकेचाळीस पानं घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, परत पहिलं पाहिलं.

"शेठ, बाकीची पानं?"

"बाकीची म्हणजे?"

"इथं पहिल्या पानावर दोन न्यायमूर्ती आहेत. खाली सही एकाचीच. दुसरे कुठं गेले?"

"ते गप्पच होते की सर. कबूल असणार."

"कबूल असते तर तसं लिहून सही केली असती. 'मी सहमत आहे.' माझ्या नोकरीत टाइप केलेलं सगळ्यात छोटं काम ते. पण ते लिहावं लागतं. न्यायमूर्तीला गप्प बसून सहमत होता येत नाही."

मी फोन पुढं केला. त्यांनी चष्मा वर केला आणि बेचाळिसावं पान मराठी करून वाचायला लागले. "माझ्या विद्वान भगिनींनी तयार केलेलं निकालपत्र वाचण्याचा लाभ मला झाला..."

"बघा! लाभ झाला म्हणतात."

"थांबा शेठ. हे वाक्य सांगितलं की माझी बोटं टाइपरायटरवर थांबायची. ह्याच्या पुढं 'पण' येतो."

पण आला. साहेबांनी लिहिलं होतं की कायद्याच्या मुद्द्यावर ते बाईंशी पूर्ण सहमत आहेत. तोंडी करार हा करारच, आणि तो टॉवेलाखाली झाला म्हणून कमी होत नाही. मात्र तशी खूण त्या दिवशी खरंच झाली का, याबद्दल 'अत्यंत आदरपूर्वक आणि खेदानं' त्यांना त्यांच्या विद्वान भगिनींशी सहमत होता येत नव्हतं. जी रीत सौदा झाकण्यासाठीच आहे तिचा पुरावा एकाच माणसाच्या बोलण्यावर कसा मानायचा? शिवाय साक्षीदाराला खालच्या न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, वरच्या कोर्टानं ते मत सहजासहजी बाजूला सारू नये.

म्हणजे ती आवळलेली बोटं. माझा राग वर्षानुवर्षं प्रवास करून त्या वाक्यात येऊन बसला होता.

"एक माझ्या बाजूनं, एक विरुद्ध," मी म्हणालो. "बरोबरी झाली. मग दुकान निम्मं?"

सर चष्मा पुसत राहिले. "नाही शेठ. दोघं असले आणि घडलं काय यावरच मतभेद असला, तर खालचा निकाल कायम. तराजू सरळ राहिला तर माल आहे तिथंच राहतो."

मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो. शेजारच्या घरात माग चालू होता. त्याची खटखट ऐकत राहिलो. सरांच्या बायकोनं चहा आणून ठेवला तो गार झाला. सरांनी पेढ्यांचा पुडा हळूच आत नेऊन ठेवला, माझ्या नजरेसमोर राहू नये म्हणून.

पुढचे दोन महिने मी रोज दुपारी त्या ओट्यावर जायचो. आता एकसष्टच्या एकसष्ट पानं काढली होती. सर मला न्यायमूर्तींची भाषा शिकवायचे आणि मी ती बाजारात बसवून घ्यायचो. 'निष्कर्षाशी सहमत आहे, मात्र माझी कारणं वेगळी आहेत' असं कुणी लिहितं. ते मला लगेच समजलं. दोघं एकच मेंढरू घेतात, एक लोकरीसाठी, दुसरा मटणासाठी. 'अमुक परिच्छेदापुरता सहमत' म्हणजे कळपातली चार निवडून बाकीची परत. आणि आदर जितका वाढत जाईल तितका नकार पक्का.

"'आदरपूर्वक' म्हणजे नाही," सर म्हणाले. "'अत्यंत आदरपूर्वक' म्हणजे मुळीच नाही. 'अत्यंत आदरपूर्वक आणि खेदानं' म्हणजे शेठ, त्या दिवशी मला टाइप करताना भीती वाटायची."

मला हसू फुटलं. "सर, आमच्यात अण्णा हेच सांगायचा. चिडला म्हणजे माल आवडलाय, गोड बोलला म्हणजे नको आहे. आणि मी कोर्टात उलटं धरून बसलो."

खरंच, मी उलटं धरलं होतं. बाईंनी वकिलाला फाडलं, कारण त्यांना माझी गोष्ट घ्यायची होती आणि तिच्यात कुठं भोक आहे का ते बघायचं होतं. साहेब हसले, कारण त्यांचं ठरलं होतं. अण्णाबरोबर बाजारात शिकलेला धडा मी काळा कोट बघितल्याबरोबर विसरलो.

पण रोज दुपारी मी परत परत जायचो त्याचं खरं कारण वेगळं आहे. बाईंच्या निकालात तेविसाव्या पानावर एक परिच्छेद आहे. त्यात त्यांनी लिहिलंय की दोन माणसं वीसहून जास्त वर्षं एकमेकांच्या हातातून बोलत आली, कागदाची गरज त्यांना पडली नाही, आणि इतक्या वर्षांच्या व्यवहारात दोघांची स्वतःची एखादी खूण तयार झाली नसती तरच नवल. साक्षीदाराचा संताप हा खोटेपणाचा पुरावा नव्हे, असंही पुढं आहे. फसवल्या गेलेल्या माणसालाही राग येतो. हा परिच्छेद सरांना मी किती वेळा वाचायला लावला असेल! तो ऐकताना मला टपावरचे गठ्ठे दिसायचे, पितळी डबा दिसायचा, बाजारात माझी समजूत काढणारा अण्णा दिसायचा. आमच्या दोस्तीबद्दल जगात कुणी काही लिहून ठेवलेलं असेल तर ते एवढंच, आणि तेही आम्हाला एकदाही एकत्र न पाहिलेल्या एका बाईनं.

सर एकदा म्हणाले, "शेठ, ह्या परिच्छेदानं जागा मिळत नाही."

"माहीत आहे. तुम्ही वाचा."

वकील म्हणतात अजून दिल्लीची वाट आहे. असेल. पण दिल्लीतही त्या टॉवेलाखाली कुणी पाहिलेलं नाही. आणि जागेचं म्हणाल तर मी आता दुसरीकडं दुकान टाकलंय, चालतं. पेठेतल्या त्या गाळ्यासाठी आता मी हे लिहीत नाही. तिथं अजून दोघांनी मिळून ठोकलेले खिळे आहेत, तरीही नाही.

लिहितोय ते एका वाक्यासाठी. अण्णा, पिंजऱ्यात उभा राहून तू 'आठवत नाही' म्हणाला असतास तरी मी समजून घेतलं असतं. पोरांसाठी माणूस जागा बळकावतो, तेही एखादे दिवशी समजून घेतलं असतं. तू म्हणालास, अशी खूण कधीच नव्हती. मग बार्शीच्या बाजारात माझ्या बोटांत बोटं कुणी घातली? वीस-बावीस वर्षं मी कुणाचा अंगठा दाबत होतो?

एका न्यायमूर्तींनी कारणं लिहून सांगितलं की खूण झाली. दुसऱ्यांनी कारणं लिहून सांगितलं की सिद्ध झाली नाही. दोघांनी खाली सही केली. दोघांनाही टॉवेलाखालचं दिसलेलं नव्हतं, तरी त्यांनी उत्तर दिलं. ज्याचा हात आत होता त्यानं अजून दिलेलं नाही. तिसरं मत तुझं आहे अण्णा. ते कोर्टाला पाठवू नकोस, मला पाठव. सहमत असशील तर दोन शब्द पुरे. नसशील तर कारणं लिही. आदर नको, खेद नको, माझा पेढा खाताना बोललास तसली गोडी तर मुळीच नको. खाली सही कर, आणि उत्तर दे.